एडीएचडी आणि सोबत चिंता, लेकाचं औषध काही बसत नाहीये... कोणाचा अनुभव आहे का?

गोदाकाठची

मंडळी, इथे बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहायची वेळ आली. लांबलचक होणार आहे, आधीच सॉरी.

माझा लेक ९ वर्षांचा, चौथीत, सेमी इंग्लिश. इथे त्याला चिकू म्हणते. गणपतीच्या सुट्टीनंतर एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अति चंचलपणा, असं निदान झालं. तोपर्यंत सगळे 'द्वाड आहे, मुलगाच आहे, होईल शांत' म्हणत होते आणि मी पण त्यातलीच. बाईंनी बोलावून सांगितलं की अर्धं गणित सोडवतो आणि उठून खिडकीपाशी जातो, वही कोरी. डॉक्टरांनी आमच्याकडून आणि बाईंकडून वेगवेगळे फॉर्म भरून घेतले, दोन-तीन भेटी झाल्या आणि म्हणाले एडीएचडी तर आहेच पण अँग्झायटी पण आहे. खरं सांगू का, ते दुसरं मी तेव्हा नीट ऐकलंच नाही, पहिल्या शब्दातच अडकले.

आधी मिथाइलफेनिडेट सुरू केलं. सकाळी ५ एमजी, मग वाढवत वाढवत दिवसभर पुरणारी गोळी. चौथ्या दिवशी वहीत पहिल्यांदा अख्खा फळा उतरवलेला दिसला, मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. पण महिन्याभरात डबा जसाच्या तसा परत यायला लागला, वजन २७ वरून साडेपंचवीस, रात्री साडेअकरापर्यंत टक्क जागा, आणि संध्याकाळी पाचच्या सुमाराला रोज तमाशा, म्हणजे चप्पल सापडली नाही एवढ्यावरून अर्धा तास हमसून हमसून रडणं. नखं कुरतडून रक्त. सकाळी शाळेच्या आधी पोटात दुखतं. रात्री दिवा घालवला की 'आई तू मरणार नाहीस ना', हे चार-चार वेळा.

डॉक्टर म्हणाले गोळीने चिंता वाढली असेल, बदलून बघू. ॲटोमॉक्सेटीन दिलं, त्याला आज तीन आठवडे झाले. मळमळ, दोनदा उलटी, वर्गात पेंगतो आणि लक्षाच्या नावाने शून्य, पहिल्या गोळीत निदान वही तरी भरत होती. परवा दोन पर्याय दिले, एक तर आणखी थांबायचं, नाहीतर चिंतेसाठी वेगळं औषध जोडायचं, फ्लुओक्सेटीनचं नाव घेतलं.

घरचं विचारू नका. नवरा म्हणतो सगळं बंद कर, पोरावर प्रयोग चाललेत. सासूबाई दर पुष्य नक्षत्राला सुवर्णप्राशनाला घेऊन जातात, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण 'गोळ्या घालून पोराला मुका केला' हे शेजारी ऐकू जाईल अशा आवाजात. आणि ते मेडिकलवाले! पहिल्या गोळीसाठी पाच दुकानं फिरले, एकाने चिठ्ठी बघून माझ्याकडे असं पाहिलं जसं काही मी गांजाच मागितला. वर पाकिटातल्या कागदावर लिहिलेलं की तीव्र चिंता असेल तर हे औषध देऊ नये. मग दिलं कसं?

विचारायचं एवढंच की ज्यांच्या मुलांना दोन्ही आहे त्यांनी आधी काय धरलं? किती दिवस थांबलात? आणि गोळीमुळे काय होतंय आणि मुळातलं काय आहे हे ओळखायचं कसं, मला तर आता काहीच कळेनासं झालंय.

ठाणेकर_मावशी

अगं ताई, आधी पाणी पी. तू लिहिलंयस त्यातलं निम्मं मी सात वर्षांपूर्वी रडत रडत कोणालातरी सांगितलंय.

माझी लेक आता १४ ची. आमचं उलटं झालं. ती दंगा करणारी नव्हती, खिडकीबाहेर बघत बसणारी, त्यामुळे एडीएचडीकडे कोणाचं लक्षच गेलं नाही, चिंता तेवढी दिसली कारण ती शाळेच्या गेटवर माझा ओढणीचा काठ सोडायची नाही. म्हणून सर्ट्रालिन आधी सुरू झालं. पहिले आठ-दहा दिवस बाई गं, पोरगी नुसती स्प्रिंगसारखी, रात्री एक वाजता कपाट लावतेय. मी घाबरून डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले लहान मुलांमध्ये सुरुवातीला असं होतं कधी कधी, डोस अर्धा केला आणि मग अगदी मुंगीच्या पावलाने वाढवला. दीड-दोन महिन्यांनी गेटवरचं रडणं गेलं. आणि चिंता उतरल्यावर जे खाली उरलं ते एडीएचडी होतं, तेव्हा कुठे ते दिसलं. मग मिथाइलफेनिडेट, कमी डोस. आता दोन्ही चालू आहे आणि गणितात ६१ आहेत, मला ते ९१ सारखे आहेत.

तुझ्या शेवटच्या प्रश्नाला मला एकच उत्तर मिळालंय, ते म्हणजे 'काय होतंय' लिहू नकोस, 'किती वाजता होतंय' लिही. साधी दोनशे पानी वही घे. गोळी कधी दिली, काय खाल्लं, काय झालं आणि घड्याळात किती वाजले होते. शनिवार-रविवार पण लिही. आम्ही पंधरा दिवस लिहिल्यावर डॉक्टरांनी पाच मिनिटांत पानं उलटून सांगितलं, हे बघा हे गोळी उतरतानाचं, हे भुकेचं आणि हे शाळेचं. मी तीन महिने तोंडाने जे सांगत होते त्याचा त्यांना काही पत्ताच लागत नव्हता, कारण मी दर वेळी 'खूप चिडचिड करते हो' एवढंच सांगायचे.

पाचचं रडणं वाचून मला तर पहिली शंका गोळी उतरण्याची आली. त्या वेळी पोट पण रिकामं असतं, डबा खाल्लेलाच नाही ना. आम्ही गोळीच्या आधी भरपेट नाश्ता ठेवला, थालीपीठ लोणी, नाहीतर तूप घातलेली खिचडी, ज्या काळात भूक आहे त्या काळात भरून घ्यायचं. डब्यात थोडंच, पण दाण्याचा लाडू, चिक्की, चीज असं जड काहीतरी. घरी आल्या आल्या प्रश्न न विचारता दूध-केळं. आणि रात्री नऊला परत भूक लागते तेव्हा 'आता काय जेवायची वेळ आहे का' म्हणायचं नाही, पोळी-भाजी गरम करून द्यायची. वजन महिन्याला एकदा, एकाच काट्यावर.

सासूबाईंचं मनावर घेऊ नकोस. माझ्या त्या आता स्वतः आठवण करतात गोळीची.

निसर्गमित्र_७१

नऊ वर्षांच्या मुलाला मेंदूवर चालणारी औषधं देताना हात कसा धजतो कळत नाही. आमच्या वेळी कुठे होतं हे एडीएचडी? मोबाईल काढून घ्या, साखर बंद करा, मैदानात सोडा, रोज ब्राह्मी आणि भिजवलेले बदाम. सहा महिन्यांत फरक. हे सगळं औषध कंपन्यांनी काढलेलं फॅड आहे.

पंख्याखालचा

काका नमस्कार, आमच्या वेळीपण नव्हतं. म्हणजे होतं, फक्त त्याचं नाव 'कोंबडा हो' असं होतं. मी २६ वर्षांचा, कोल्हापूरचा, सहावीपर्यंत आठवड्याला किमान तीनदा वर्गाबाहेर उभा. मैदान भरपूर होतं, घरी म्हैस होती, मोबाईल नव्हता, साखर सोडा आम्ही गूळ खात होतो. तरी होतं की.

काकू, मोठ्यांचं सगळ्यांनी सांगितलंय म्हणून मी आतलं सांगतो. सातवीत मला मिथाइलफेनिडेट सुरू झालं. लोकांना वाटतं गोळीने पोरगं शांत होतं. माझं तसं नाही झालं, मी होतो तसाच होतो, वर्गातला पंखा शांत झाला. त्याआधी मला पंख्याचा आवाज, बाहेरची रिक्षा, पुढच्या पोराची पाठ खाजवायची स्टाईल आणि सरांचा आवाज हे सगळं एकाच व्हॉल्यूमला ऐकू यायचं. त्या दिवशी सर एकटेच बोलत होते. इतकं भारी वाटलं की मी मधल्या सुट्टीत कोणालातरी सांगायला गेलो आणि काय सांगायचं तेच कळंना.

पण नंतर डोस वाढवला आणि मग मात्र मी खरंच मुका झालो. हसायला येत नव्हतं. मित्र म्हणायचे काय रे भावा, कोण मेलं का. मार्क चांगले पडत होते त्यामुळे घरात सगळे खूश, मला कोणी विचारलंच नाही, सहा महिने. शेवटी आज्जीनं ओळखलं, म्हणाली पोरगं माझ्याशी भांडंना झालंय, काहीतरी बिनसलंय. डोस कमी केला आणि मी परत भांडायला लागलो. म्हणून सांगतो, तुमच्या सासूबाई 'मुका केला' म्हणतात ते टोमणा म्हणून सोडून देऊ नका, एकदा नीट विचारा त्यांना, तो गप्प कधी असतो, दिवसभर की ठराविक वेळी. आज्ज्यांना दिसतं.

आणि चिकूला विचारा. नऊ वर्षांच्या पोराला सांगता येतं, फक्त 'कसं वाटतंय' असं विचारलं की तो 'बरं' म्हणणार. 'आज सरांचा आवाज मोठा होता की पंख्याचा' असं काहीतरी विचारा.

कोपऱ्यातली_डॉक्टर

मी बालमानसोपचारात काम करते. चिकूची फाईल माझ्यासमोर नाही, त्यामुळे हे द्या, ते बंद करा असं इथे मी म्हणणार नाही आणि कोणी म्हटलं तर ऐकूही नका. फक्त पुढच्या भेटीत काय काय विचारता येईल ते सांगते.

आधी त्या पाकिटातल्या कागदाबद्दल, कारण निम्मे पालक तिथेच घाबरतात. मिथाइलफेनिडेटच्या माहितीपत्रकात तीव्र चिंतेचा इशारा वर्षानुवर्षं छापून येतोय. पण मुलांवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले तर या औषधाने चिंता सरासरीने वाढलेली दिसत नाही, उलट काहींची कमी होते, कारण दिवसभर ओरडा खाणं थांबतं. मात्र सरासरी म्हणजे तुमचा मुलगा नव्हे, एखाद्याची खरंच वाढते. म्हणून डोस वाढल्यावर चिंता वाढली का, हे तारखेनिशी बघायचं असतं. ठाणेकर मावशींची वही म्हणजे नेमकं हेच.

छोट्या गोळीचा परिणाम तीन-चार तास टिकतो, लांब पल्ल्याच्या गोळ्यांचा आठ ते बारा तास. उतरताना काही मुलं तासभर फार हळवी किंवा चिडकी होतात, त्याला आम्ही रिबाउंड म्हणतो. त्यावर डोसची वेळ, प्रकार, प्रमाण बदलून उपाय करता येतो, औषधच वाईट ठरवायची घाई नको. तुमचा 'डोस वाढवत नेला' आणि 'प्रकार बदलला' हे दोन्ही जवळजवळ एकदम झालेलं दिसतंय. एका वेळी एकच बदल, नाहीतर श्रेय कोणाला आणि दोष कोणाला तेच कळत नाही.

ॲटोमॉक्सेटीन ही वेगळ्या चालीची गोष्ट आहे. ते त्याच दिवशी काम करत नाही, पूर्ण परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात, आणि डोस वजनावर ठरतो. त्यामुळे तीन आठवड्यांत नापास करणं थोडं लवकर आहे. मळमळ बऱ्याचदा जेवणासोबत दिल्यावर कमी होते, पेंग येत असेल तर वेळ बदलता येते का ते विचारा. कॅप्सूल उघडून दुधात घालू नका, आतली पूड डोळ्याला लागली तर झोंबते. गडद लघवी, डोळे पिवळे, किंवा मूल अचानक 'मला जगायचं नाही' असं काही बोललं तर त्याच दिवशी फोन, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट नाही. शेवटचा इशारा फ्लुओक्सेटीन, सर्ट्रालिनलाही लागू आहे, विशेषतः पहिल्या काही आठवड्यांत आणि डोस बदलताना. हे क्वचित होतं, पण माहीत असलेलं बरं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फ्लुओक्सेटीन आणि ॲटोमॉक्सेटीन एकत्र द्यायचं ठरत असेल तर एवढा एक प्रश्न नक्की विचारा: फ्लुओक्सेटीनने ॲटोमॉक्सेटीनची रक्तातली पातळी वाढेल का? लिव्हरमधलं जे एन्झाइम ॲटोमॉक्सेटीन फोडतं त्याला फ्लुओक्सेटीन अडवून धरतं. म्हणजे आधीच ज्या मुलाला मळमळ आणि पेंग आहे त्याला ती आणखी वाढू शकते. एकत्र देतच नाहीत असं नाही, पण मग डोस त्या हिशोबाने ठरवतात. तुमच्या डॉक्टरांनी तो विचार केलेलाही असेल, विचारलं म्हणून कोणी रागावणार नाही, आणि रागावले तर दुसरं मत घ्या.

आधी काय धरायचं? ज्याने मुलाचा दिवस जास्त बिघडतो ते. आणि चिंतेसाठी पहिलं पाऊल गोळीच असावं असं नाही. २००८ साली अमेरिकेत ७ ते १७ वयाच्या ४८८ मुलांवर एक मोठा अभ्यास झाला. त्यात १२ आठवड्यांनी नुसत्या सर्ट्रालिनने ५५ टक्के मुलं बरीच सुधारली, नुसत्या सीबीटी थेरपीने (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी, बोलण्यातून होणारी थेरपी) ६० टक्के, दोन्ही मिळून ८१ टक्के, आणि औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीने २४. तुमच्या पूर्ण पोस्टमध्ये थेरपी हा शब्द एकदाही आलेला नाही म्हणून मुद्दाम सांगतेय. एडीएचडीच्या १९९९ च्या मोठ्या अभ्यासातही, ज्या मुलांना सोबत चिंता होती त्यांना वर्तनोपचाराचा इतरांपेक्षा जास्त उपयोग झाला होता.

मेडिकलवाल्याचं: मिथाइलफेनिडेट आपल्याकडे शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या यादीत येतं. ते ठेवायला वेगळं लायसन्स लागतं, चिठ्ठीच्या दोन प्रती लागतात आणि एक प्रत दुकानदाराला दोन वर्षं जपून ठेवावी लागते. म्हणून साध्या दुकानात मिळत नाही. नजरेचा अर्थ 'कटकट आली' असा घ्या.

निसर्गमित्र, मैदान आणि झोप याला माझा शंभर टक्के पाठिंबा. साखरेने मुलं चंचल होतात हे मात्र तपासून पाहिल्यावर टिकलेलं नाही. आणि ब्राह्मी, प्राशन जे काही चालू असेल ते डॉक्टरांना सांगायचं, लपवायचं नाही.

जर्सीतला_बाबा

न्यू जर्सीहून लिहितोय, मुलगा ११ चा, एडीएचडी आणि पॅनिक दोन्ही. डॉक्टरांनी सगळं नीट सांगितलंय, मी फक्त इकडचं सांगतो कारण 'अमेरिकेत चांगली औषधं आहेत' असं बऱ्याच जणांना वाटतं.

इकडे दोन घराणी आहेत, मिथाइलफेनिडेटचं आणि ॲम्फेटामीनचं. माझ्या मुलाला दुसऱ्याने इतका त्रास झाला, हाताची कातडी सोलायचा, की ते तीन आठवड्यांत थांबवलं. पहिल्याने बरं चाललंय, सोबत रात्री ग्वानफेसिन, ते पण एडीएचडीचंच पण वेगळ्या प्रकारचं औषध. म्हणजे इकडे येऊन आम्ही शेवटी तुमच्याच गोळीवर आलो. आणि ॲम्फेटामीनवालं ॲडरॉल २०२२ च्या ऑक्टोबरपासून टंचाईत गेलं तेव्हा आमच्या ओळखीतले लोक दर महिन्याला आठ-आठ फार्मसींना फोन करत होते. पाच दुकानांचं दुःख इकडेही आहे ताई.

गालाच्या आतून काडी फिरवून 'तुमच्या मुलाला कोणतं औषध चालेल' सांगणारी टेस्ट आम्ही हौसेने केली. आमच्या डॉक्टरने रिपोर्ट बघून सांगितलं की काही औषधं याच्या शरीरातून हळू जातात की भरभर एवढं यातून कळेल, चालेल की नाही ते नाही कळणार. पैसे गेले.

आणि एक विनंती, मला दर उन्हाळ्यात मेसेज येतात, 'येताना ॲडरॉल आणाल का आमच्या भाच्यासाठी'. नाही आणणार. भारतात ते औषध म्हणून विकलंच जात नाही, आणि असं दुसऱ्यासाठी नेणं म्हणजे नार्कोटिक्सचा कायदा अंगावर घेणं.

पण खरं लिहायचं होतं ते दादांसाठी, म्हणजे ताईंच्या मिस्टरांसाठी. मी पण दीड वर्ष 'सगळं बंद करा'वालाच होतो. कारण मी एकाही अपॉइंटमेंटला गेलो नव्हतो, मला घरी फक्त बायकोचा थकलेला चेहरा आणि बिल दिसायचं. एकदा जा.

गोदाकाठची

सगळ्यांना काय म्हणू. काल रात्री हे सगळं नवऱ्याला वाचून दाखवलं, तो काही बोलला नाही पण पंख्याचं दोनदा वाचायला लावलं. वही आणलीये. डॉक्टरताई, थेरपीचं आमच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, पहिल्याच भेटीत, मीच 'आधी औषध तर लागू पडू दे' म्हणून बाजूला ठेवलं. फ्लुओक्सेटीनचा प्रश्न चिठ्ठीवर लिहून घेतलाय. नंतर सांगते.

कोपऱ्यातली_डॉक्टर

जरूर. आणि मधल्या काळात फार अवघड रात्र आली आणि डॉक्टर मिळाले नाहीत तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

गोदाकाठची (दोन महिन्यांनी)

नंतर सांगते म्हटलं आणि गायबच झाले, माफी.

वही एकवीस दिवस लिहिली. पाचचं रडणं ॲटोमॉक्सेटीनवर आल्यापासून जवळपास गेलंच होतं, ते मला लिहायला लागल्यावर कळलं, म्हणजे ते खरंच पहिली गोळी उतरतानाचं होतं. नखं तशीच. रात्रीचं 'मरणार नाहीस ना' तसंच. पण पोटदुखी! ती रविवारी नाही, सोमवारी नाही, तीनही आठवडे गुरुवारी. मी म्हटलं योगायोग असेल. तर नवऱ्याने काय केलं, माझ्या फोनवर बाईंच्या व्हॉट्सॲपमध्ये 'पोट' असा शब्द सर्च केला. 'बाई आज चिकूचं पोट दुखतंय, येणार नाही' असे माझेच मेसेज, जुलैपासूनचे, अकरा होते. त्यातले आठ गुरुवारचे. आणि सहा तर पहिली गोळी सुरू व्हायच्या आधीचे.

गुरुवारी वर्गापुढे उभं राहून पाढे म्हणायचे असतात.

मी तिथेच बसले खाली. सहा महिने मी गोळीला शिव्या घालत होते आणि पोरगं बारा ते वीसच्या पाढ्यांना घाबरून पोट धरत होतं. रात्री विचारलं तर म्हणाला, मला येतात गं, पण सगळे बघतात तेव्हा डोक्यातून सांडतात. हा शब्द त्याचाच.

पुढच्या भेटीला नवरा आला. वही घेऊन तोच बोलला, मी गप्प. डॉक्टरांना फ्लुओक्सेटीनचं विचारलं, ते म्हणाले बरोबर आहे, म्हणूनच अगदी कमी डोसने सुरू करणार होतो, पण ही वही बघून आधी दुसरं करून बघू. ॲटोमॉक्सेटीन दोन महिने पूर्ण करून पाहिलं, मळमळ रात्री जेवणानंतर द्यायला लागल्यावर थांबली पण अभ्यासात म्हणावा तसा फरक नाही, म्हणून परत मिथाइलफेनिडेट, पण आधीच्यापेक्षा कमी डोस आणि कमी तासांची गोळी. चिंतेचं औषध सध्या नाही, आधी बारा सेशन थेरपी आणि मग बघायचं असं ठरलंय. पाच झाल्यात. थेरपीवाल्या ताई त्याला भीतीची शिडी काढायला लावतात, सगळ्यात खालच्या पायरीवर 'आज्जीला पाढे म्हणून दाखवणं' आहे. सासूबाईंना त्यामुळे एकदम महत्त्व आलंय, रोज साडेसातला पाटावर बसून तयार असतात, चुकला तरी चेहरा हलवत नाहीत, तशी सक्त ताकीद आहे त्यांना. सुवर्णप्राशनाचं पण डॉक्टरांना सांगून टाकलं, त्यांनी नाव-गाव लिहून घेतलं. पंख्याखालच्या दादाचं ऐकून 'मुका' म्हणजे काय ते त्यांना विचारलं होतं, म्हणाल्या तो शाळेतून आला की माझ्याशी बोलत नाही, जेवला की बोलतो. बघा.

बाईंशी बोललो, पाढे आता त्याचे मधल्या सुट्टीत एकट्याचे घेतात. एलडीची, म्हणजे लिहिण्या-वाचण्या-गणितातल्या शिकण्याच्या अडचणीची टेस्ट पण करून घ्या म्हणाल्या, नंबर लावलाय.

सगळं छान झालंय असं नाही. मागच्या आठवड्यात स्नेहसंमेलनाच्या आधी दोन रात्री झोपला नाही आणि ऐन वेळी स्टेजवर गेलाच नाही. नखं कमी पण आहेत. वजन २६.४, डॉक्टर दर भेटीला उंची, वजन, बीपी बघतात. परवा डबा पूर्ण रिकामा आला, मी इतकी खूश झाले, मग कळलं अर्धी चिक्की शाळेबाहेरच्या कुत्र्याला जाते रोज.

आता नवा प्रश्न. मे महिन्यात त्याला माझ्या माहेरी पाठवायचं म्हणतोय, सुट्टीत गोळी द्यायची की नाही? डॉक्टरांना विचारणारच आहे, पण तुम्ही काय करता? आणि माहेरच्या गावात ही गोळी मिळण्याचा प्रश्नच नाही, मग दीड महिन्याची एकदम देतात का?

ठाणेकर_मावशी

आठ गुरुवार!! अगं वाचून काटा आला अंगावर.

सुट्टीचं आमच्याकडे दर वर्षी डॉक्टर ठरवतात. दोन उन्हाळे फक्त मिथाइलफेनिडेट बंद ठेवलं, भूक आणि उंचीसाठी, सर्ट्रालिन मात्र चालूच, ते मधेच थांबवायचं नसतं. मागच्या वर्षी पोहण्याचा क्लास होता म्हणून दोन्ही चालू ठेवलं. दीड महिन्याचं मिळेल की नाही ते चिठ्ठीवर डॉक्टर किती लिहितात त्यावर आहे, पण दुकानदाराला पंधरा दिवस आधी सांगून ठेव, तो मागवून ठेवेल. एप्रिलच्या शेवटी जाऊ नकोस, तेव्हा सगळ्या आया तिथेच असतात.